डोळे उघडून द्या

आमच्या दुकानाच्या पाटीवर पासपोर्ट फोटो आहे, लग्न आहे, बारसं आहे, लॅमिनेशन आणि झेरॉक्सही आहे. एक काम मात्र पाटीवर नाही. ते काम घेऊन आलेला माणूस काउंटरला टेकतो, एकदा मागे वळून बाजारपेठेत कुणी ओळखीचं नाही ना ते बघतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "डोळे उघडून द्याल काय?" तेवढ्यावरून मला कळतं, घरात कुणीतरी गेलंय आणि जिवंतपणीचा एकही धड फोटो नाही.

वडील हे काम ब्रशनं करायचे. मयताच्या दिवशी काढलेल्या फोटोवर दोन-चार केसांच्या ब्रशनं पापण्यांवर बुबुळं रंगवायचे. ती बुबुळं जराशी बाहुलीसारखी दिसायची, पण लोक समाधानानं घेऊन जायचे. मी कॉम्प्युटर आणला तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावली होती. जिवंत माणसाचे डोळे उचलून मेलेल्याला लावायचे नाहीत. मी हसले होते. म्हटलं, बाबा, तुम्ही पण ना, कुठल्या जमान्यात राहता! त्या दिवशी जेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

मी तापट आहे हे महाडात सगळ्यांना ठाऊक आहे. पासपोर्ट फोटोला केस विस्कटून येणाऱ्या माणसाला मी सरळ घरी पाठवते. पण डोळ्यांच्या कामाला आलेल्यांवर मी कधी ओरडले नाही. फक्त एका बाईवर ओरडले, आणि ते अजून मनाला लागून आहे.

ती बाई वरंधच्या अलीकडे डोंगरातल्या एका वाडीवरची. साठीच्या आसपासची, काटक, कपाळावर गोंदण. मी तिला मावशी म्हणते. लॉकडाऊनमध्ये तिच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न अंगणातच वीस माणसांत उरकलं. वर्षभरानं ती बाळंतपणाला आईकडे आली. मुलगी झाली. बाळ सहा महिन्यांचं असताना मण्यार चावली. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेली, बाळ कुशीत. बाळाला काही झालं नाही. आई सकाळी उठलीच नाही.

मावशी बाराव्याच्या आधी दोन दिवस दुकानात आली. हातात पुतण्याचा मोबाईल. त्यात चटईवर ठेवलेल्या मुलीचा फोटो होता. कुंकू लावलेलं, चेहरा शांत, डोळे मिटलेले.

"दुसरा फोटोच नाही का?" मी विचारलं.

"तिच्या मोबाईलात होते. त्याचा लॉक कुणाला ठावं नाय. पुतण्यानं बाजारात नेला. लॉक काढलान् आणि आतलं सगळं गेलं."

कप्पाळ! आता हे असंच होतं. हजार फोटो काढायचे आणि कागदावर एकही उतरवायचा नाही.

"लग्नातले? जावयाकडे असतील."

"तो बिरवाडीला कंपनीत हाय. पोर बघायलापण आला नाय. त्याच्या दारात मी जायाची नाय."

आधार कार्डाची झेरॉक्स तिच्या पिशवीत होती. पण आधार कार्डावर ती, मी आणि तुम्ही, सगळे सारखेच दिसतो.

"ताई," ती म्हणाली, "पोर उद्या इचारील, माझी आय कुठंय. तिला काय दाखवू? निजलेली? मेलेली? मला बगणारी आय पायजे गो. पोरीकडं बगणारी."

मी विचारलं, "तिचे डोळे कुणासारखे होते?"

"माझ्यासारखे," ती पटकन म्हणाली. "माझेच अगदी."

वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. दिवस थोडे होते, आणि खरं सांगायचं तर मला हाव सुटली. मुलीला आईचेच डोळे, याहून बरं काय मिळणार? मी तिला स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, मावशी, इकडे काचेत बघा. समोर नात आहे असं समजा. तिनं बघितलं. इतक्या वर्षांत माझ्या कॅमेऱ्यात असं कुणी बघितलं नव्हतं. पहिले दोन फोटो हललेले आले.

मी डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या पुसल्या, पांढऱ्यातली लाली काढली, पापण्या जुळवल्या. संध्याकाळी प्रिंट फ्रेम करून तिच्यासमोर ठेवली. इतकं नितळ काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं, हे मीच माझ्या तोंडानं सांगते. चटईवरची मुलगी चालती-बोलती झाली होती. मावशी रडली नाही. बोटानं फोटोतल्या कपाळाला शिवली, "हां, बगते," म्हणाली आणि फ्रेम पदरात गुंडाळून एसटी स्टँडकडे निघाली.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी त्याच वाडीवर माझं जाणं झालं. म्हातारपणाच्या पेन्शनच्या फॉर्मला फोटो हवे होते, आणि तिथल्या लोकांना महाडला आणण्यापेक्षा मीच कॅमेरा घेऊन गेलेली बरी, असं सरपंचांनी ठरवलं. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावून चाळीस-पन्नास म्हाताऱ्यांचे फोटो काढले. एक आजोबा टोपी काढायला तयार नव्हते. "मेल्यावर काढा," म्हणाले. सगळी वाडी हसली, मीही हसले. दुपारी मावशीनं हाताला धरून घरी नेलं.

आत गेले आणि पायच थबकले. समोरच्या भिंतीवर हार घातलेली तिची मुलगी, आणि त्याखाली चुलीपाशी बसलेली मावशी. दोघीही माझ्याकडे बघत होत्या, त्याच नजरेनं. एक नजर तरुण चेहऱ्यात, एक म्हाताऱ्या. हे मीच केलं होतं. आमच्या दुकानात, माझ्याच माऊसनं.

मग लक्षात आलं की मावशी चुलीच्या भलत्याच बाजूला बसते. धूर थेट तोंडावर येत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्या जागी बसलं की फोटोची भिंत पाठीमागे राहते.

नात दोन-तीन वर्षांची, गुटगुटीत. डोळे आले होते म्हणून काजळानं आणि औषधानं बरबटलेले, धड उघडतही नव्हते. मावशीनं तिला उचलून फोटोसमोर धरली. "आयला पापा दे." पोरीनं काचेला ओठ टेकवले. नेहमीचंच असावं, काचेवर त्या जागी डाग पडला होता. मावशीनं मान दुसरीकडे वळवली होती.

मी निघताना ती उंबऱ्यापर्यंत आली. "ताई, ती सारखी बगते गो," एवढंच म्हणाली. मला वाटलं, लेकीच्या आठवणीनं म्हणते. मी आपलं नेहमीचं बोलले, मावशी, बघू दे की, तिचं लेकरू आहे. पण परतीच्या वाटेवर जिवाला स्वस्थता नव्हती. पुढे कितीतरी दिवस मी ग्राहकांच्या डोळ्यांत बघायचं टाळत होते. बिरवाडीचे कामगार गेटपासच्या फोटोला रांगेनं यायचे आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यात मला तीच नजर दिसायची. वडिलांची भीती मला तेव्हा कळली. भुताखेताची नव्हे हो. माणूस दोन जागी राहायला लागतो, त्याची.

यंदा शाळा सुरू व्हायच्या आधी मावशी नातीला घेऊन दुकानात आली. पहिलीच्या प्रवेशाला फोटो हवा होता. पोरगी आता सहा वर्षांची, दोन वेण्या, तोंड एक मिनिट बंद नाही. "ह्यातून मला बंदूक मारणार काय?" म्हणून मला विचारते. स्टुलावर बसवली, दिवे लावले, आणि कॅमेऱ्यातून बघितलं तर घारे डोळे! मधाच्या रंगाचे, बाहेरच्या कोपऱ्यात जरासे वर उचललेले. मावशीचे बारीक, काळेभोर, खाली झुकलेले.

फोटो काढला. पोरीला बाकावर लग्नाचे अल्बम चाळायला दिले आणि मावशीला आत घेतलं.

"नातीचे डोळे कुणाचे?"

तिनं बाकावरच्या पोरीकडे बघितलं.

"बापाचे?"

"आयचे," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे? तुम्ही तर मला सांगितलंत तुमच्यासारखे! मी त्या मुलीला खोटे डोळे लावले?"

मावशीनं कनवटीचा मोबाईल काढला, आता तिच्याकडे स्वतःचा होता, आणि एक फोटो पुढे केला. लग्नातला. मुंडावळ्या, हिरवा शालू, आणि तोंडावर मास्क. नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकलेलं. वर फक्त दोन घारे डोळे, हसणारे.

"हा कधी मिळाला?"

"तवाच होता. पुतण्याच्या मोबाईलात. मला ठावं होतं."

मी ओरडले. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती तरी ओरडले. अहो, चेहरा तुमच्याकडे, डोळे तुमच्याकडे, मी तासाभरात तुमची मुलगी जशीच्या तशी दिली असती! का केलंत असं?

ती खाली बघून बोलत होती. "मी आज हाय, उद्या नाय. आयचा फोटो पोरं भिंतीवर लावतात. आजीचा कोण लावतो गो? ह्या पोरीला माझ्याबिगर कुणी नाय. तू म्हणलीस डोळे कुणासारखे, तसं माझ्या मनात आलं, माझे जाऊ देत. मेल्यावर तेवढंच पोरीकडं बगायला मिळंल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पण मी मेलेच नाय ना. जित्ती हाय. भाकरी थापते, जरा मान वळली, की मीच बगते माझ्याकडं, लेकीच्या तोंडातनं. मग लेक कुठं गेली? पाच वर्षं झाली, माझी पोर मला घावत नाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. लाज तेवढी राहिली. तिनं खोटं सांगितलं हे खरं, पण मी तरी दुसऱ्यांदा विचारलं होतं का?

"बदलून दे," ती म्हणाली. "खरे लाव."

जुनी फाईल माझ्याकडे होती. कित्येकदा पुसायला घेतली होती, हात धजला नव्हता. मास्कच्या फोटोतले डोळे उचलले. फारसं काही करावंच लागलं नाही. चेहऱ्यात जाऊन ते असे बसले की वेगळे दिसेनात. मिटलेल्या ओठांतही हसू असल्यासारखं वाटायला लागलं. मावशी माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

तेवढ्यात पोरगी आत आली आणि स्क्रीनसमोर उभी राहिली. तिनं नीट बघितलं, मान वाकडी करून.

"ही कोण?"

मावशीनं माझ्या खुर्चीची पाठ धरली. माझी काय टाप होती बोलायची?

"आजी, कोण गो ही? हिचे डोळे माझ्यासारखे हायत."

"ही माझी लेक," मावशी म्हणाली.

"तुला लेक हाय?"

"होती."

पोरीला ते पटलं. "बरी हाय दिसायला," म्हणाली आणि परत अल्बमांकडे पळाली.

मी हळूच विचारलं, "मोठी प्रिंट काढू ना? भिंतीवरच्या फ्रेमच्या मापाची?"

"नको." मावशीनं डोळे पुसले. "भिंतीवर तिची आय राहू दे. पोर तिलाच आय म्हणते, तिच्याकडंच जाते. आता ती काढून कुठं टाकू? ही मला दे. बारकी दे, कनवटीला मावंल एवढी."

मी पासपोर्टच्या मापाची प्रिंट काढली आणि कापून तिच्या तळहातावर ठेवली. ती दाराशी उजेडात गेली. फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ धरला, मग लांब, मग परत जवळ.

"बग गो बाय," ती म्हणाली, "माझ्याकडं बग. मी तुझी आय."