चावी कोणाजवळ हाय?

रंगारी सिस्टर कुठल्याही कार्यालयात शिरल्या की आधी कुलपांना हात लावत. कपाट असो, पेटी असो की पाण्याच्या टाकीचं झाकण, कुलूप दिसलं की त्या ते तळहातावर घेत, एकदा ओढून पाहत आणि समोर जो असेल त्याला विचारत, "चावी कोणाजवळ हाय?" उत्तरासाठी त्या थांबत नसत. चावी नेहमी अशा माणसाजवळ असते जो आत्ता जागेवर नसतो, हे त्यांना नोकरीभराच्या अनुभवाने माहीत होतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते गोंदियात, आमच्या संस्थेच्या खोलीत. ही संस्था जिल्ह्यातल्या बसस्थानकांवर, वाचनालयांत, तालुक्याच्या कार्यालयांत एक यंत्र आणि ते ठेवायची भिंतीवरची पेटी बसवत होती. माणूस अचानक कोसळला आणि त्याचं हृदय नुसतं थरथरू लागलं, तर छातीवर दोन पट्ट्या चिकटवून हे यंत्र विजेचा झटका देतं, म्हणजे ठोके पुन्हा वळणावर येण्याची शक्यता असते. डॉक्टर लागत नाही. काय करायचं ते यंत्र स्वतः बोलून सांगतं. माझं काम इंग्रजीत अहवाल लिहिण्याचं होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, स्वभाव गप्प. लोकांशी फारसं बोलावं लागणार नाही या आशेने मी ते घेतलं होतं.

सिस्टर ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झाल्या होत्या आणि लोकांना यंत्र शिकवायला आमच्याकडे आल्या होत्या. कांजी केलेली पांढरी साडी, कमरेला बटवा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यांनी आमच्या कपाटाचं कुलूप ओढलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. चावी माझ्याजवळ होती. मी ती पुढे केली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "एक त जागेवर भेटली."

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर फिरले. सालेकशाला गाडीने, नवेगाव बांधला बसने, बाकी मिळेल त्या वाहनाने. बरोबर छाती दाबायचा सराव करण्यासाठी एक रबरी पुतळा असे. त्याला सिस्टर 'जावई' म्हणत. "झोपून राहते, अन् सारे त्याच्याच मागं धावते," असं त्याचं कारण. जावयाला टेबलावर निजवून त्या समोरच्या बाबूंना, शिपायांना हाका मारत, "या, सेवा करा." लोक हसत, लाजत, मग एकेक जण पुढे येऊन छाती दाबून पाहत असे. "जोरात! पाहुनचार करून राहिले का मालिश?"

आमच्या भागात 'झटका' म्हणजे विजेचा करंट, आणि झटका म्हणजे हृदयविकारही. शेताच्या तारेला चिकटून माणसं गेलेली सगळ्यांनी पाहिलेली. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी कोणीतरी हमखास विचारी, "सिस्टर, झटका आलेल्याले आनखी झटका कायले द्याचा?"

"पायात काटा रुतला त कायनं काढतेस?"

"काट्यानं."

"मंग बस खाली."

खरी अडचण दुसरीच होती. यंत्र इंग्रजीत बोलायचं. सिस्टरांनी त्यावर तोडगा काढला तो मी. "हे पोरगी मशीनसारखीच बोलते," त्यांनी भर सभेत सांगितलं, "थोडं अन् सपाट. ऐका." त्या मला यंत्राची वाक्यं मोठ्याने म्हणायला लावत आणि प्रत्येक वाक्यानंतर आपल्या बोलीत अर्थ सांगत. यंत्र तपासणी करतंय, या वाक्याला त्यांचं होतं, "आता ते पाहून राहिलं, कोनी हात लावू नोका." रोग्यापासून दूर व्हा, याला, "सरका सारे, नाही त तुमीच जावई व्हान." माझे कान तापत. पण यंत्राची वाक्यं म्हणताना मला स्वतःचं काही बोलावं लागत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. त्यांच्याही आलं असावं. त्या कधी बोलल्या नाहीत.

खर्र्याबद्दल मी एकदा धीर करून विचारलं. "मी सांगतो थे कर," त्या म्हणाल्या, "मी करतो थे नोको करू." तिकडे बायाही 'मी करतो' म्हणतात. शाळेत मला हे चूक म्हणून शिकवलं होतं. सिस्टरांच्या तोंडी ते इतकं शोभे की दुसरं काही बरोबर असेल असं वाटेना.

जंगलाकडच्या एका तालुक्यात आम्ही पेटी बसवून आलो. कार्यालयाचं नाव सांगत नाही. काही आठवड्यांनी पाहणीला गेलो तर पेटीच्या दाराला वेल्डिंग करून कोयंडा बसवलेला आणि त्यात हाताएवढं पितळी कुलूप. पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर टाकलेला. सिस्टरांनी कुलूप तळहातावर घेतलं, ओढलं.

"चावी कोणाजवळ हाय?"

"नाझर साहेबाजवळ," टेंभरे बाबू म्हणाले. नाझर म्हणजे कार्यालयाचा पैसा आणि सामान सांभाळणारा अधिकारी. टेंभरे बाबू तिथले कारकून, पोवार समाजाचे, पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. शिकवणीच्या दिवशी जावयाची छाती सगळ्यात मन लावून त्यांनीच दाबली होती.

"अन् नाझर साहेब?"

"नागपूरले गेले."

"म्हंजे मानूस पडला त त्याले सांगाचं का, बाबा, नाझर साहेब येयेपर्यंत दम धर?"

"सिस्टर, तुमी माह्यावर काऊन चिडता? हे डेड स्टॉकमधी हाय." डेड स्टॉक म्हणजे कार्यालयाच्या मालकीच्या टेबल-खुर्च्या, पंखे, घड्याळं; जे मोजून ठेवायचं आणि हरवलं तर ज्याची जबाबदारी असेल त्याने उत्तर द्यायचं. "चोरी गेलं त मले धरतीन."

"मानूस जिता करायचं मशीन," सिस्टर हळूच म्हणाल्या, "अन् तुमी त्याले डेड स्टॉकमधी टाकलं."

टेंभरे बाबू ओशाळले, पण कुलूप निघालं नाही. कार्यालयाचे मोठे साहेबही भेटले नाहीत. परतताना सिस्टर गाडीत खिडकीबाहेर पाहत बसल्या होत्या. रुग्णालयात असताना औषधांच्या कपाटाची चावी शोधण्यात त्यांच्या हातून एक बाई गेली होती, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. "चावी भेटली," त्या म्हणाल्या. "बाई नाही थांबली."

मग एक दिवस दुपारी त्यांचा फोन वाजला तेव्हा मी शेजारीच होते. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मला सगळं ऐकू आलं.

"सिस्टर, मी टेंभरे. मी कुलूप फोडलो."

निराधार योजनेचे म्हातारे वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला त्या कार्यालयात येतात. आपण जिवंत आहोत हे स्वतः येऊन दाखवायचं असतं. त्या रांगेत एक बाबा उभे होते. खिडकीशी पोचले आणि कोसळले. टेंभरे बाबूंनी एकाला छाती दाबायला बसवलं, दार उघडं राहावं म्हणून लावलेला दगड उचलला आणि पेटीवरच्या कुलपावर घातला. तीनदा की चारदा, त्यांना आठवत नव्हतं. दार उघडताच पेटीचा भोंगा वाजू लागला आणि घाबरून पळून गेलेले लोकही परत पाहायला आले.

"मशीन इंग्रजीत बोलत होतं, सिस्टर. पन मले समजून राहिलं होतं. मले तं तुमच्या त्या मॅडमचाच आवाज वाटला. थे म्हनत जाय अन् मी करत जावो."

सिस्टरांनी फोन माझ्या कानाला लावला. "बाबा कसे आहेत?" एवढंच मी विचारलं.

"गाडीत टाकलं तवा पाहून राहिले होते," ते म्हणाले.

बाबा वाचले. टेंभरे बाबूंकडून मात्र खुलासा मागवण्यात आला. शासकीय कुलूप विनापरवानगी तोडल्याबद्दल. कुलूपही डेड स्टॉकमध्ये होतं. त्यांची नोकरी थोडीच उरली होती आणि कागदावर डाग नको म्हणून ते पार खचून गेले होते. "नाझर साहेब येयेपर्यंत थांबाले पाहिजे होतं, असं म्हनतेत," ते फोनवर म्हणाले, आणि ही थट्टा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सिस्टर नवी साडी नेसून आल्या. आम्ही त्या कार्यालयात गेलो. मोठ्या साहेबांच्या खोलीत त्यांनी खुर्ची स्वतःच ओढून घेतली. मी दाराशी उभी होते, टेंभरे बाबू माझ्यामागे.

"साहेब, ते कुलूप डेड स्टॉकमधी होतं ना?"

"होतं."

"मंग झालं डेड. आता खुलासा कायचा?"

साहेब तरुण होते. त्यांनी हसू आवरायचा प्रयत्न केला. "सिस्टर, नियम असतो. उद्या कोणीही काहीही फोडेल."

"फोडू द्या ना. ते बाबा हयातीचा दाखला द्याले आले होते. तुमच्या टेंभरे बाबूनं त्याईले दाखला देला. तुमच्या कार्यालयात याच्याहून पक्का दाखला आजवर कोनी देला असंन त सांगा."

साहेबांनी खुलासा मागवल्याचा समोरचा कागद उचलला. मग त्यांनी तो घडी करून बाजूला ठेवला. नवं कुलूप घेऊ का, असं टेंभरे बाबूंनी मागून विचारलं, तेव्हा साहेब एवढंच म्हणाले, "लावायचंच असेल तर चावी तिथेच खिळ्याला टांगा. सगळ्यांना दिसेल अशी." कुलूप कधी आलंच नाही. खिळा मात्र टेंभरे बाबूंनी ठोकून ठेवला. नियमाचा मान राहावा म्हणून.

सिस्टर गेल्या त्या हृदयाने नाही. खर्र्याने गेल्या. शेवटी शेवटी तोंड उघडत नसे, बोलणं बंद झालं होतं. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मी उशीजवळ ठेवलेलं माझं पाकीट घेतलं, त्याची चेन कुलपासारखी एकदा ओढून पाहिली आणि परत दिलं. हसल्या असाव्यात. नीट कळलं नाही.

नवेगाव बांधजवळच्या त्यांच्या गावात पुण्यानुमोदनाला, मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीला, मी गेले होते. बुद्धवंदना झाली. सिस्टरांबद्दल चार शब्द बोला, असं मला सांगितलं. मी उभी राहिले, "त्या खूप चांगल्या होत्या," म्हणाले आणि बसले. टेंभरे बाबू आले होते, निवृत्त झालेले, खिशात अजून दोन पेनं.

लोक पांगल्यावर सिस्टरांचा मुलगा घर बंद करू लागला. तो नागपूरला राहतो. त्या घराच्या दाराला आजवर कुलूप नव्हतं. सिस्टर फक्त कडी लावून जात. मुलाने बाजारातून नवं कुलूप आणलं होतं. ते लावून, ओढून पाहून त्याने आमच्याकडे आणि अंगणातल्या शेजारणींकडे पाहिलं.

"चावी कोणाजवळ ठेवू?"

टेंभरे बाबूंनी त्याच्या हातातून चावी घेतली. चौकटीला कंदिलाचा एक जुना खिळा होता, कुलपापासून वीतभर अंतरावर. त्यांनी चावी त्या खिळ्याला टांगली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

"अहो काका, मग कुलूप कशाला—" मुलगा म्हणू लागला.

"राहू द्या," मी म्हणाले. माझा आवाज अंगणभर ऐकू गेला असावा, कारण सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.