पाय थांबले आणि सासुरवाडीत रडारड झाली

मंडळी, पारोळ्याहून लिहितोय.

आडवं पडलं की माझे पाय वळवळायला लागतात. बायको म्हणते, तुमच्याशेजारी झोपणं म्हणजे एसटीच्या शेवटच्या सीटवर झोपणं. डॉक्टर म्हणाले, गोळीसोबत झोपताना संथ संगीतही ऐकून बघा.

आज सासुरवाडीला वरण-बट्टीचं जेवण झालं. दुपारी ओसरीतल्या खाटेवर पडलो, कानात इयरफोन घालून बासरी लावली आणि माशा नकोत म्हणून पांढरा पंचा तोंडावर ओढला. काय सांगू, पाय चक्क थांबले! कित्येक महिन्यांनी गाढ झोपलो.

जाग आली ती तोंडात गार पाणी गेल्यावर. उशाशी सासूबाई, हातात तुळशीचं पान. ओसरीत अर्धी गल्ली जमलेली. बायको माझे पाय धरून रडतेय.

"ओ माय वं, जवाई जित्ता शेतस!" सासूबाई किंचाळल्या.

"जिवंत आहे म्हणजे? मला काय धाड भरलीय?" मी ओरडलो.

"अहो, तुमचे पाय हलत नव्हते!" बायको हुंदके देत म्हणाली. "हाका मारल्या, तरी हूं नाही की चूं नाही."

नाडी बघायचं एकालाही सुचलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि मी जिवंत असल्याचा घरच्यांकडे एकच पुरावा, माझं दुखणं!

तुम्ही जिवंत आहात हे तुमच्या घरी कशावरून ओळखतात? झोपण्याआधी एकदा विचारून घ्या.