लाखेच्या मोहरेखालचा ओव्हन

आयात खुली झाल्यानंतर आबिड्सच्या एका दुकानातून मी परदेशी बनावटीचा इलेक्ट्रॉनिक ओव्हन आणला. पत्नीला शेजारणींसाठी केकचा वर्ग सुरू करायचा होता. एरवी नानकटाईचे ताटसुद्धा बेगम बाजारच्या भट्टीवर न्यावे लागे. तीन आठवड्यांतच ओव्हन तापेनासा झाला आणि त्याच्या पडद्यावर एक आकडा लुकलुकू लागला.

मी संतापलो. कंपनीला नोटीस धाडली, ग्राहक मंचात तक्रार गुदरली आणि पुराव्याला कोणाचा हात लागू नये म्हणून ओव्हनच्या दारावर व मागच्या झाकणावर लाखेची मोहर उमटवली.

"अहो, नामपल्लीच्या मेकॅनिकला एकदा दाखवू या ना," पत्नी म्हणाली.

"त्याने एक स्क्रू काढला की आपला दावा संपला."

"मग मी बायकांना काय शिकवू? नोटिसा लिहायला?"

दोन वर्षांनी मंचाच्या आदेशावरून नामपल्लीच्या त्याच मेकॅनिकने माझ्यादेखत मोहर फोडली. त्याने मीटर लावून पाहिला, तापमान मोजणाऱ्या सेन्सरची निसटलेली पिन बोटाने आत दाबली आणि म्हणाला, "बोर्ड अच्छा है साब. पिन ढीली थी, इत्ताच."

सैल पिन हाही उत्पादनातील दोषच, हे मी सिद्ध केले आणि निकाल माझ्या बाजूने लागला. तोवर शेजारणी दुसरीकडे शिकून आल्या होत्या. पत्नीने ओव्हन पुसला आणि त्यात पापडांचे डबे ठेवले.

पहिल्या तीन आठवड्यांत तिने एकदा केक केला होता. त्याची चव मला आठवत नाही. खाताना मी हमीपत्र वाचत होतो.