आईचा स्पॅनिश टीव्ही

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. खणात जुने रिमोट साठतात तसे ते साठतात. एक शोधायला जावं तर तीन हाती लागतात. इथं अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या आमच्या शनिवारच्या मराठी ग्रुपचे निम्मे किस्से माझ्या आईचेच आहेत. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती.

पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून रिमोटचं कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि टीव्हीचा ऑडिओ स्पॅनिशवर गेला. हे मला कळलं तीन आठवड्यांनी. मी म्हटलं, "अगं, सांगायचं नाही का? थांब, इंग्लिश करतो."

"राहू दे," आई म्हणाली. "इंग्लिशमध्ये तरी मला कुठं समजून राहिलं होतं? आता निदान न समजणारी मी एकटी नाही, तूही आहेस."

* * *

एका शनिवारी फुटबॉलची मॅच लावली, तर कॉमेंट्री स्पॅनिश. आमचा शिरीष पुण्याचा. तो भडकलाच. "यार, बदला ते. ज्या देशात राहतो तिथली भाषा ऐकावी माणसानं."

आई चिवडा घेऊन येत होती. "बरोबर आहे तुझं. पण हे मराठीत कशाला सांगून राहिला?"

शिरीष चिवडा खात बसला. मग गोल झाला, आणि कॉमेंटेटरनं 'गोऽऽल' जो लांबवला, तो शिरीषचा चहा संपेपर्यंत. आता त्याच्या घरीही मॅच स्पॅनिशमध्येच लागते. बायको सांगते, तो सांगत नाही.

* * *

डिशवॉशर दुरुस्त करायला एक मेक्सिकन काका आले. टीव्ही ऐकून ते आईशी सरळ स्पॅनिशच बोलायला लागले. आईकडे भांडवल काय, तर मालिकांमधली पाच-सहा वाक्यं. ते एक बोट दाखवून म्हणाले, एक तास लागेल. आई त्यांच्याकडे रोखून बघत म्हणाली, "दिमे ला बेरदाद." म्हणजे, खरं काय ते सांग. मालिकेत हे दिवसातून चारदा कोणीतरी म्हणतंच.

काका हसत सुटले आणि तीन बोटं दाखवली. मग दोघांनी मिळून मालिका बघितली, पोळी-भाजी खाल्ली. डिशवॉशर संध्याकाळी सुरू झाला.

* * *

आता शेवटचा. माझी मुलगी रेवा, बारा वर्षांची. मराठी समजतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. आई रोज विचारायची, "शाळेत काय झालं गं?" रोज तेच उत्तर, "नथिंग, आजी," आणि पोरगी वर खोलीत. आई एकदा मला म्हणाली, "नातीशी बोलायला मला तू मध्ये लागतोस. फार वाईट वाटतं रे. दोन महिने तर उरले."

मी रेवाला रागावलो. त्यानं काय होतंय?

मग एक दिवस मी लवकर घरी आलो. रेवा नुकतीच शाळेतून आली होती, डोळे लाल. आईनं टीव्ही म्यूट केला आणि विचारलं, "के पासो?" काय झालं?

रेवा थबकली. शाळेत तिला याच वर्षी स्पॅनिश सुरू झालं होतं. ती हसली, मग रडली, मग आजीशेजारी बसून अडखळत स्पॅनिशमध्ये सांगायला लागली. शब्द अडला की आजीला इंग्लिश येत नाही म्हणून मराठी घालायची. आई तिचा हात धरून मध्येच म्हणायची, "दिमे ला बेरदाद." चांगला अर्धा तास. मी बूटही न काढता दारात उभा.

रेवा वर गेल्यावर मी विचारलं, "आई, काय झालंय तिला?"

आईनं टीव्हीचा आवाज सुरू केला. "आमच्या दोघींचं आहे ते. तुला पाहिजे असेल तर स्पॅनिश शिक."