अर्ध्या बॉनेटच्या लख्खकाकू

एखादी गाडी मळलेली, फिकी पडलेली दिसली की लख्खकाकू मालकाला काही विचारत बसत नसत. दुपारी सगळे झोपले की खाली उतरायच्या, बॉनेटच्या बरोबर मधोमध चिकटपट्टी लावायच्या, एकच बाजू पॉलिश करून चमकवायच्या, पट्टी काढायच्या आणि वर जाऊन चहा टाकायच्या. संध्याकाळी मालक खाली येई, तेव्हा त्याच्या गाडीचं अर्धं तोंड आरशासारखं आणि अर्धं करपलेल्या कढईसारखं. दोन-चार दिवसांत तो आपण होऊन त्यांच्या दारात उभा राही. उरलेली अर्धी करून द्या म्हणे, आणि काकू आपल्याला अजिबात वेळ नसल्याचा चेहरा करत.

ईरा, निहार, मागच्या वेळी फोनवर तुम्ही विचारलंत की आजोबांची मरून रंगाची गाडी एवढी जुनी असून नवी कशी दिसते. त्याचं उत्तर या बाई आहेत, म्हणून नीट क्रमाने लिहिते.

आमच्या नौपाड्याच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं. पण काम संपलं की दोन पावलं मागे सरून, कमरेवर हात ठेवून "लख्ख" एवढंच म्हणायची सवय, म्हणून मुलांनी त्यांना लख्खकाकू केलं आणि मग मोठ्यांनीही. त्यांच्या भाच्याचं माजिवड्याला गाड्यांच्या डिटेलिंगचं, म्हणजे धुऊन-पॉलिश करून नव्यासारख्या करून देण्याचं दुकान. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिथे नुसत्या बसायला म्हणून गेल्या. थोड्याच दिवसांत भाचा गल्ल्यावर आणि पॉलिशचं मशिन यांच्या हातात. हे नेमकं कसं घडलं ते भाच्याला अजून कळलेलं नाही.

गाडी तपासायची त्यांची एक पद्धत होती. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, डोळे मिटायचे आणि रंगावरून हात फिरवायचा. पिशवीतून बारीकसारीक खरखरही कळते. मग निदान: झाडाखाली उभी असते, चीक बसलाय, किंवा, कबुतरांची कृपा, फार दिवसांची. सकाळी गाड्या पुसणारा माणूस एकाच फडक्याने सगळं कंपाउंड उरकत असे, त्याला त्या रोज गॅलरीतून सुनवायच्या. "अरे, एकाच टॉवेलने सगळ्या पाहुण्यांना अंग पुसायला लावशील का?" तो हसून मान डोलवायचा आणि तेच फडकं पुढच्या गाडीवर.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र टीपॉयवरच्या धुळीत बोटाने पत्ता लिहिता आला असता. मला पसारा सोसत नाही हे तुम्हाला माहीत आहे. एकदा मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "वहिनी, घराला कोण ओव्हरटेक करतंय?"

आजोबा गेल्यावर त्यांची गाडी बदामाच्या झाडाखाली तशीच उभी राहिली. मी कव्हर घातलं नाही, किल्लीला हात लावला नाही. रंग शिळ्या बिटासारखा झाला, टपावर पानं कुजली. मग सेक्रेटरींनी नोटीस लावली: वापरात नसलेल्या गाड्या महिनाअखेरीपर्यंत हलवाव्यात, नाहीतर सोसायटी भंगारवाल्याला बोलावेल. तुमचा बाबा तिकडून म्हणाला, आई, देऊन टाक, तू थोडीच चालवणार आहेस. त्याचं बरोबर होतं. मला ती द्यायची नव्हती, आणि ठेवण्यासाठी सांगण्यासारखं एकही कारण माझ्याजवळ नव्हतं.

काकूंनी पिशवी चढवून गाडीवरून हात फिरवला. "वरचं मेलंय, खालचा रंग जिवंत आहे," म्हणाल्या, आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या काळ्या गाडीचं बॉनेट अर्धं चमकत होतं.

सेक्रेटरी तावातावाने आले. काळा रंग, त्यामुळे फरक रस्त्यापलीकडूनही दिसत होता. त्यांच्या मिसेसनी त्या गाडीतून लग्नाला जायला साफ नकार दिला होता. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "करते की, साहेब. पण आधी वहिनींच्या गाडीचा नंबर आहे. तुमची त्यांच्यानंतर. रांग म्हणजे रांग, तुम्हीच शिकवता ना आम्हाला मीटिंगमध्ये?" मग माझी गाडी कधी होईल, असं सेक्रेटरींनी विचारलं. काकू म्हणाल्या की सावकाश करावी लागेल, महिनाअखेरीपर्यंत काही होत नाही. संध्याकाळी नोटिशीवरची तारीख खोडलेली होती.

मग काम सुरू झालं. मला स्टुलावर बसवून हातात दिवा दिला, आणि दिवा हलला की ओरडा बसायचा. आधी धुणं, मग एक कणकेसारखी मऊ माती मळून ओल्या रंगावर फिरवायची, ती सगळी खरखर ओढून घेते. मग मशिन. टप झाला, डिकी झाली. ड्रायव्हरच्या दाराशी आल्यावर मशिन थांबलं. खिडकीच्या कडेवर एक हातभर पट्टा फिका, पातळ झाला होता. आजोबा तिथे कोपर टेकवून गाडी चालवायचे, ऊन असो की पाऊस.

"इथे मशिन नाही लावायचं," काकू म्हणाल्या. आजोबांना त्या भाऊ म्हणत. "इथला रंग भाऊंनी नेला. आता घासलं तर पत्रा लागेल."

मग काय करायचं, असं मी विचारलं.

"मेण लावायचं आणि गप्प बसायचं." आणि तेवढ्या पट्ट्याला त्यांनी मशिन न लावता बोटाने मेण लावलं. मी दिवा हलू दिला नाही.

शेवटी मागे सरून त्यांनी "लख्ख" म्हटलं, तेव्हा सेक्रेटरी पाहायला आले होते. छान झाली म्हणाले, पण उभीच राहणार असेल तर नियम तो नियमच. काकू सरळ ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसल्या आणि त्यांनी सीटबेल्ट लावला. बॅटरी त्यांनी सकाळीच भाच्याकडून बदलून घेतली होती, ते मला तेव्हा कळलं. माझं लायसन्स होतं, धीर नव्हता; तरी स्टिअरिंगमागे बसले. आम्ही घोडबंदर रोडपर्यंत गेलो आणि तिथल्या कोंडीत अडकलो. मी गिअरशी झटतेय, आणि या बाई काच खाली करून शेजारच्या अनोळखी माणसाला सांगताहेत की तुमच्या टपावर कावळ्याची विष्ठा आहे, आजच धुवा, रंग खाते ती. मला हसू आलं आणि त्या गडबडीत गिअर नीट पडला.

गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे त्या डोंबिवलीला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. सामान टेम्पोने, काकू माझ्या गाडीतून. उतरताना मी मदतीला गेले, तर हात झटकला. म्हणाल्या, "महिन्याने गाडी घेऊन या. मेण उतरतं."

मेण तीन-चार महिने सहज टिकतं. त्यांनीच शिकवलंय मला. तरी दर महिन्याला जाते. त्या पिशवी चढवून हात फिरवतात, नाक मुरडतात, मग लेक चहा आणते आणि संध्याकाळ होते.

परवा बाबा पुन्हा म्हणाला, आई, एवढी जुनी गाडी कशाला ठेवलीस? मी सांगितलं, डोंबिवलीला पॉलिशला न्यावी लागते.