मामांचा पंप आणि पिस्ता रंग

माझ्या मामांइतका यंत्रावर विश्वास आणि वाट बघण्यावर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत झाला नसेल. पावसला त्यांची आंब्याची बाग, आणि कलमांवर औषध मारायचा मोटरपंप. या पंपावर त्यांचा मामीपेक्षा अंमळ जास्तच जीव. गोठा ते त्यानेच धूत, भांडणारे बोकेही त्यानेच सोडवत. दुसरं वेड आतिथ्याचं. दारात कोणी दिसलं, की हातात असेल त्यासकट गर्रकन वळायचं आणि "या, या!" करत हात पसरायचे. माझ्या लग्नात त्यांच्या हातात आमटीचं ओगराळं होतं. सासऱ्यांच्या उपरण्यावरचा डाग पुढे कधी गेला नाही.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात धाकट्या बहिणीला बघायला हेदवीची मंडळी येणार होती. आधीची दोन स्थळं हातची गेलेली, आईने देव पाण्यात ठेवलेले. निदान घर तरी उजळावं म्हणून मी रोलर आणला. दोन दिवसांत दीड भिंत आणि माझा उजवा कान पिस्ता रंगाचा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा पंप घेऊन हजर.

"मेल्या, पोळ्या लाटतोस काय? या जांभ्या दगडाच्या भोकांत जाणाराय तुझं लाटणं?"

"मामा, मंडळी दुपारी येतायत."

"तीस फुटी कलम भिजवतो मी! तुझं घर म्हणजे तासाभराचं काम."

रंग पातळ करून मामीच्या जुन्या लुगड्यातून गाळला, आणि पंप धडधडला. खरं सांगतो, दर्शनी भिंत अशी झरझर रंगली की मी रोलर माळ्यावर लपवला. दगडाचं एकेक भोक रंगाने भरलं.

इतक्यात फाटक वाजलं. मंडळी वेळेआधीच आली होती. मामा वळले. पंपाच्या नळीसकट. "या, या!"

मुलाचे वडील पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात होते. क्षणात गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पिस्ता झाले. खिडकीतून बघणारी बहीण आत रडायला पळाली. मामांचा हात जन्मात पहिल्यांदा खाली आला. "चूक माझी. पोरीवर राग काढू नका," एवढंच ते पुटपुटले.

वडिलांनी सदरा बघितला, भिंत बघितली, पुढे होऊन एका भोकात बोट घालून बघितलं.

"आमचंही घर जांभ्याचंच हो," ते म्हणाले. "लग्नाआधी पंप घेऊन या. फक्त कोणी आलं तर मागे वळायचं नाही."

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ बहिणीचं.

मामा जाऊन आता चार वर्षं झाली. परवा घर पांढरं करून घेतलं, रोलरने, रीतसर. भिंत वरून पांढरी झाली, पण भोकाभोकांत पिस्ता तसाच. रंगारी म्हणाला, "पुट्टी भरून बुजवू का ही भोकं?" म्हटलं, राहू दे.

फाटक वाजलं, की मी अजूनही आधी बाजूला होतो. मग आठवतं.