सगळ्यांसाठी उघडी टपालपेटी

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी आदिलाबादच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होतो, माझा एक मित्र मंचेरियलला तोच विषय शिकवायचा. आमच्या बसस्टँडमागे इंटरनेटचं दुकान निघालं, तेव्हा आम्ही दोन्हीकडच्या मुलांसाठी ईमेलचा एकच पत्ता काढला. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. अडलेलं गणित तिथं टाकायचं, येईल त्यानं सोडवायचं. खाजगी काही लिहायचं नाही, लिहिलेलं पुसायचं नाही. सगळं उघड असलं की शंकेला जागा राहत नाही, असा माझा हिशेब होता.

महाराष्ट्राच्या सीमेकडच्या एका गावातून माझ्या वर्गात एक मुलगी यायची. घरी मराठी, बाजारात तेलुगू, पुस्तकात इंग्रजी. तिला उत्तर यायचं, पण बोलताना तेलुगूत मराठी शब्द शिरला की मागचे बाक हसायचे. मग तिनं हात वर करणंच सोडलं.

शनिवारी मी काही मुलामुलींना त्या दुकानात न्यायचो. एकदा मंचेरियलच्या मुलानं विचारलं होतं, सरासरीपासूनच्या फरकांचा वर्ग कशाला करायचा, नुसती बेरीज का नको? हिनं एकेक कळ शोधत उत्तर लिहिलं. अक्षरं इंग्रजी, भाषा तिन्ही. "आमच्या शेतात बाया कापूस वेचतात. कोणी सरासरीहून जास्त, कोणी कमी. त्या जास्त-कमीची बेरीज शून्य येते. म्हणून काय सगळ्यांनी सारखाच वेचला?"

पुढच्या शनिवारी उत्तर आलेलं होतं. "थँक्यू, सर गारू. तुम्ही कोणत्या कॉलेजात शिकवता?"

तेलुगूतलं 'गारू' म्हणजे आपलं 'साहेब'. दुकानात हशा पिकला.

"सर, आता मले पगार द्या," ती म्हणाली. त्या दिवशी तिच्या 'मले'ला कोणी हसलं नाही.

त्यानंतर तिकडची मुलं थेट 'सर गारूं'नाच प्रश्न टाकू लागली. तिला हैदराबादला बी.एस्सी. करायचं होतं. वडील "पाहू" म्हणाले होते, आणि त्यांच्या घरात "पाहू" म्हणजे अर्धा होकार, असं ती सांगायची.

दिवाळीनंतर ती आलीच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, तिच्या चुलतभावानं तिला दुकानात पाहिलं होतं. पोरगी मंचेरियलच्या पोरांना पत्रं लिहिते, एवढंच गावात पोचलं.

मी तिच्या वडिलांना निरोप धाडला. बाजाराच्या दिवशी ते आले. त्यांना दुकानात बसवून मी पहिल्यापासूनचं एकेक पत्र मराठीत वाचून दाखवलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. कापसाचं उत्तर आलं तेव्हा हसले. "हे तं आमच्याच वावरातलं हाय."

"बघा, यात गणिताशिवाय काही नाही," मी म्हणालो. "तिला परत पाठवा."

ते उठले.

"सर, तुमी वाचलं ते खरंच असन. माह्या पोरीवर माहा भरवसा हाय. पन गावाले कोन वाचून दाखवन?"

मी त्यांना बसपर्यंत सोडलं. माघात तिचं लग्न झालं, यवतमाळकडे.

मंचेरियलचे प्रश्न येतच राहिले. "सर गारू, तब्येत बरी नाही का? संभाव्यतेचं गणित अडलंय." मी ते सोडवून पाठवलं, सगळ्या पायऱ्या मांडून.

त्या मुलानं लिहिलं, "उत्तर बरोबर आहे. पण हे तुम्ही नाही. आधीचे सर कुठे गेले?"

तो पत्ता सगळ्यांसाठी उघडा होता. तिच्याविषयी तिथं लिहिलेली एक ओळसुद्धा फिरत फिरत तिच्या गावात पोचली असती, कदाचित सासरीही. माझे हात कळांवर होते. मी पुढचा प्रश्न उघडला.